शेळीला आठ आणे, म्हशीला दोन रुपये

संपादक मित्राने कविता मागितली होती. कविता वहीत आहे, ती कुठं पळून जात नाही. ह्या खेपेला चराईवर लिहितो. काही दोस्त नाक मुरडतील. म्हणतील, ढोरं ओढणं सोडलं, गावकी सोडली, आता पुन्हा शेणात पाय कशाला? हे त्यांच्यासाठीच लिहितोय.

माझं गाव मुळशी तालुक्यात, धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीकडं जाणाऱ्या वाटेवर. नाव लिहीत नाही, कारण आईला तिथंच राहायचंय. बौद्धवाड्यात १९ घरं. जमीन म्हणावी तर पाच घरांना, तीही वरकस, नाचणी-वरईची. बाकीच्यांचं हातावर पोट. मी पिरंगुटच्या बाजूला एका कागदाच्या मिलमध्ये पल्परवर असतो. ट्रकनं रद्दी येते, ती टाकीत ढकलायची, पाणी सोडायचं, लगदा करायचा. शाळा दहावीला सुटली. पुढचं शिक्षण ह्या रद्दीत झालं. लगदा व्हायच्या आत जे हाताला लागेल ते शर्टात घालायचं. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ मला तिथं सापडला. भारतीय वन अधिनियम १९२७ पण तिथंच, कुण्या वकिलाच्या माळ्यावरून आलेला, समासात लाल शाईच्या रेघा. एकदा त्यापायी अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. पुस्तकं काही महाग पडली नाहीत.

तर चराई.

आईकडं सात शेरडं होती. चार शेळ्या, दोन पाठी, एक बोकड. शेरडं म्हणजे आमच्या घरातली बँक. दवाखाना आला, बोकड विकला. बहिणीची फी आली, बोकड विकला. व्याज नाही, जामीन नाही, मॅनेजरच्या टेबलापुढं हात बांधून उभं राहायचं नाही. गेल्या पावसाळ्यात ही शेरडं तारेच्या आत गेली. आत म्हणजे राखीव जंगलात, जिथं रोपं लावलीत असा बोर्ड आहे. बोर्ड लांबून दिसतो, रोपं वाकून शोधावी लागतात. गार्ड आला, शेरडं हाकून नेली. आईनं पाय धरले नाहीत, हे मुद्दाम लिहून ठेवतो. ती मागं मागं चालत गेली आणि पावती मागितली. पावती मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी एक शेळी विकून बाकीची सहा सोडवून आणली.

त्याच आठवड्यात, त्याच जंगलात, त्याच तारेच्या वरच्या पठारावर म्हशी चरत होत्या. मी सुट्टीच्या दिवशी वर जाऊन मोजल्या. ४३ भरल्या. आमच्या सगळ्या गावात घरोघर फिरून मोजल्या तर म्हशी २६.

ह्या ४३ कुणाच्या? धंदा समजून घ्या, मग राग येईल तो नीट येईल. गोठ्यातल्या म्हशीचं दूध आटलं की ती भाकड. म्हैस दहा महिने गाभण राहते, त्यातले शेवटचे दोन महिने तरी दूध नाही, वेळेवर भरली नाही तर भाकडकाळ आणखी लांबतो. तेवढे दिवस तिला दावणीला बांधून विकतचा चारा घालायचा म्हणजे मालकाच्या खिशाला भोक. एका म्हशीला रोजचा २५-३० किलो हिरवा चारा लागतो. म्हणून आमच्याकडं जून लागला की शहराकडच्या गोठ्यांतल्या भाकड म्हशी टेम्पोत भरून येतात. गावातला एक बडा डोक्यामागं महिन्याचे पैसे घेतो. राखायला कातकरवाडीचा एक पोरगा ठेवतो, तोही उचल घेतलेला. म्हशी सरकारच्या जंगलात. दसरा-दिवाळीला त्या तुकतुकीत होऊन, व्यायला टेकलेल्या, परत शहरात. गवत सरकारचं, पाणी डोंगराचं, राखण कातकऱ्याची, नफा दोघांचा. आणि कुणी विचारलंच तर ह्या म्हशी ‘गावची गुरं’ आहेत. गार्डाला ह्यातून काय मिळतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

आता त्या लाल रेघांच्या पुस्तकाकडं येतो. कायद्यात ‘गुरे’ ह्या शब्दाची व्याख्या दिलीय. तीत हत्ती आहे, उंट आहे, म्हैस, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी आणि पार शेवटी शेळी आणि करडू. मुळशीच्या डोंगरात कुणी उंट चारताना बघितला असेल तर कळवा. ह्यातलं कुठलंही जनावर राखीव जंगलात शिरलं तर त्याची वाट कोंडवाड्याकडं. कोंडवाड्याचा कायदा आणखी जुना, १८७१ चा. त्यातले दर असे: हत्तीला २ रुपये, म्हशीला ८ आणे, गाय-बैलाला ४ आणे, शेळी-मेंढीला १ आणा. म्हणजे एका म्हशीच्या दंडात आठ शेळ्या सुटायच्या. १९२७ च्या कायद्यानं सरकारला जंगलापुरते हे दर वाढवायची मुभा दिली, आणि कुठवर वाढवायचे तेही लिहून दिलं. हत्ती १० रुपये, म्हैस २ रुपये, गाय-बैल १ रुपया, शेळी ८ आणे. करा हिशेब. म्हैस चौपट महागली, शेळी आठपट. आठाच्या जागी आता चारच शेळ्या सुटणार. आकडे पुढं बदलत जातात, पण तराजूची दांडी कुणीकडं कलती धरली होती ते ह्या दोन ओळींत दिसतं. आणि हे आमच्या एकाही माणसानं आजवर मला सांगितलं नव्हतं. रद्दीनं सांगितलं.

त्याच पुस्तकात दुसरी गोष्ट आहे, ती जास्त खोल आहे. जंगल राखीव करायच्या आधी एक अधिकारी नेमायचा. त्यानं गावोगाव जाहीर करायचं, लोकांना कमीत कमी तीन महिने द्यायचे. ज्याचा जो हक्क असेल तो त्यानं येऊन सांगायचा. चराईचा हक्क मान्य झाला तर किती गुरं, कोणती गुरं, कुठल्या मोसमात, हे सगळं अधिकाऱ्यानं लिहून ठेवायचं. आणि जो मुदतीत आला नाही, त्याचा हक्क संपला.

कागदावर काय वाईट आहे? काहीच नाही. पण जाहीर कुठं होत असेल? चावडीवर. चावडीत आमचा माणूस होता की. दवंडी पिटायला होता, पाटलाचा निरोप पोचवायला होता, साहेबाचं घोडं धरायला होता. दावा सांगायला नव्हता. कुणी सांगावं, आपले हक्क येऊन सांगा अशी हाळी ज्यानं गावभर दिली असेल तोच आमचा खापरपणजा असेल, आणि हाळी देऊन तो वेशीबाहेर जाऊन बसला असेल.

जोतीरावांनी ‘असूड’ लिहिला १८८३ साली, १९२७ च्या पुष्कळ आधी. त्यांनी हे तेव्हाच ओळखलं होतं. पूर्वी तोकडी जमीन असलेला कुणबी रानातल्या फळापाल्यावर आणि एक-दोन गाया, दोन-चार शेरडं पाळून गावात टिकून राहायचा. सरकारी जंगलखात्यानं डोंगर, दरी, पडीक रानं आणि गायरानंसुद्धा आत ओढून घेतली, आणि शेरडाला तोंड घालायला जागा उरली नाही, असं ते मांडतात. आपण जोतीरावांचा फोटो लावतो. हे पान मात्र क्वचित उघडतो.

मुळशीत तर दोन्हीकडून कात्री लागली. खाली टाटांचं धरण आलं. १९२१ साली सेनापती बापटांचा सत्याग्रह सुरू झाला, तीन वर्षं चालला, मोडला, आणि १९२७ च्या सुमाराला खोऱ्यात पाणी उभं राहिलं. आंबेमोहराची खाचरं बुडाली. भरपाई मिळाली ती ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला, आणि त्यातलीही पुष्कळशी पुण्याच्या सावकारांना, हे राजेंद्र व्होरांनी पुस्तकात लिहून ठेवलंय. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं ते आपली चार जनावरं घेऊन उतारावर वर सरकले. वर राखीव जंगलाची हद्द. तेव्हापासून आम्ही ह्या दोन रेघांच्या मधे आहोत. आता त्या मधल्या पट्ट्यातही फार्महाऊसच्या भिंती आल्यात आणि गुरवाटा त्यांच्या गेटाशी जाऊन संपतात.

मधेच एक प्रसंग सांगतो, म्हणजे नाक मुरडणाऱ्या दोस्तांना कळेल की ढोरं आपल्याला सोडत नाहीत.

गेल्या श्रावणात त्या ४३ मधली एक म्हैस वर पठारावर मेली. पाय घसरून घळीत गेली. दोन दिवसांनी वास सुटला. बड्याकडचा माणूस बौद्धवाड्यात आला. आज्जी दारात नाचणी पाखडत होती.

“आजी, चार पोरं हायेत का मोकळी?”

“कशाला रं?”

“वर म्हस मेलीया. वढून खाली टाकायची. फुकट नाय, पैसं देनार.”

“कुनाची म्हस?”

“पुन्याच्या शेटची.”

आज्जीनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, “माज्या बानं दोर टाकला तवा मी येवढीशी व्हते. गावानं पानी बंद केलं, दळान बंद केलं. आमी कनी भरडून खाल्ली, पन दोर उचलला नाय. आता तुज्या शेटच्या पैशासाठी उचलू व्हय? जेसीबी हाय ना गावात? त्याला सांग.”

जेसीबी वर चढला नाही. म्हैस तिथंच कुजली. खालच्या झऱ्याचं पाणी आम्ही दोन आठवडे प्यालो नाही. तो झरा बौद्धवाडा आणि कातकरवाडी ह्या दोन्हींचा. बड्याच्या घरी नळ आहे.

मला ह्यात एक गंमत दिसते, कडू आहे पण गंमत. १९२७ सालीच महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली जनावरं ओढू नका, मृतमांस खाऊ नका. १९२८ ला त्यांनी मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानंतर. म्हणजे मेलेलं ढोर आमच्या गळ्यातून उतरवायला तीस वर्षांवर काळ लागला. पण जिवंत ढोराचा हक्क, म्हणजे रानात आमच्याही शेरडानं चरायचा हक्क, तो आम्ही मागायचा विसरलो नाही, तो मागायला आम्हाला वेळच मिळाला नाही. आधी पाणी होतं, आधी देऊळ होतं, आधी पोटापुरती जमीन होती.

जमिनीचं बोलायलाच हवं, कारण इथं आपल्या चळवळीची एक ठसठसती जागा आहे. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला, सारे तुरुंग भरले. मागणी साधी होती, सरकारची पडीक जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायरानं नांगरली, मार खाल्ला, पुन्हा नांगरली. २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय आला, १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा. त्या वेळी गावानं काय म्हटलं? गायरान गुरांचं आहे, गुरांनी जायचं कुठं? आणि उभ्या पिकात गुरं सोडली. गुरं म्हणजे आमच्या विरुद्धचं हत्यार झालं. २०२२ ला हायकोर्टाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना नोटिसा गेल्या, तेव्हाही गुरं पुढं केली. आपण नांगर धरला की गायरान गुरांचं. आपण शेळी सोडली की जंगल सरकारचं. गुरं त्यांची, सरकारही त्यांचंच.

त्यामुळे आपल्यातला एखादा कार्यकर्ता म्हणतो, “आपलं भांडण जमिनीचं, चराईचं नव्हे,” तेव्हा त्याचा राग मला समजतो. पण मुळशीत नांगरायला गायरान उरलंय कुठं? उतार आहे, दगड आहे, कारवी आहे. इथं भूमिहीनाची जमीन म्हणजे त्याची शेळी. ती चार पायांवर चालते एवढाच फरक.

हे सगळं एकदम वर आलं ते ग्रामसभेच्या नोटिशीमुळे. विषय क्रमांक पाच: गावाच्या हद्दीतील वनात संपूर्ण चराईबंदी.

चराईबंदी हा शब्द महाराष्ट्रात फार पूज्य आहे. राळेगणसिद्धीच्या पाच सूत्रांत तो आहे: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. १९९२ ला सरकारनं आदर्श गाव योजना काढली आणि ही सूत्रं सरकारी झाली. हिवरे बाजारला डोंगर हिरवा झाला, विहिरींना पाणी आलं, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. तिथं मोकाट चराई बंद करून विळ्यानं गवत कापून न्यायची पद्धत बसवली, विळ्यामागं ठरलेली रक्कम भरायची. पण कापलेलं गवत खायला घरी गोठा लागतो, गोठ्यात गाय लागते, गाय घ्यायला कर्ज लागतं, कर्जाला सातबारा लागतो. शेळी तर कापलेल्या वाळल्या गवतावर जगतच नाही, तिला पाला हवा, हिंडून चार ठिकाणचा हवा. चराईबंदीनं पहिलं कोण बंद होतं ते ह्यावरून ओळखा. जनावर विकून जो मुकाट मजुरीला जातो त्याचा आकडा कुठल्या आदर्श गावच्या बोर्डावर लिहिलेला मी वाचला नाही.

म्हणून मी काय चराई मोकाट सोडा म्हणतो? तेही नाही. इथं मला आपल्याच माणसांशी भांडायचंय. वाड्यातली काही पोरं म्हणाली, “फॉरेस्ट गेलं खड्ड्यात, आपण सगळी शेरडं आत घालू, बघू कोण काय करतं.” जोश बरा आहे. पण पठार मी बघितलंय. आज्जी सांगते, तिच्या लग्नाच्या वेळी तिथं मारवेल आणि पवन्या कमरेएवढा व्हायचा. आज पायाला लागतं ते कुसळ, मेंढराच्या लोकरीत शिरतं ते. कडेनं टणटणी आणि रानमोडी, ज्यांना जनावर तोंड लावत नाही. गवताला बी धरायच्या आत ओरबाडलं की पुढच्या वर्षी ते कमी येतं, नको ते येतं. जूनच्या चिखलात म्हशीचा खूर पडला की माती दाबली जाते, पाणी मुरत नाही, वाहून जातं. आणि उन्हाळ्यात कुणीतरी काडी लावतो, कोवळं गवत फुटेल म्हणून. वणव्यात पहिली जळतात ती झाडांची रोपं. रान आटलं की झरा आटतो, आणि झरा कुणाचा ते वर लिहिलंच आहे.

पठाराचं हे शास्त्र मला धनगराकडून कळलं. आमच्या वरच्या अंगाला गवळी धनगरांची चार घरं आहेत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा ह्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ह्या गवळी धनगरांवर निबंध छापला. डोंगरमाथ्यावर म्हशी राखायच्या, लोणी खाली न्यायचं, खोऱ्यातल्या कुणब्याकडून धान्य आणायचं, अशी ही वाटणी होती. त्यांच्यातला एक म्हातारा मला म्हणाला, “गवताला आदी फुटू द्यावं, मग फुलू द्यावं, मग गुरू घालावं. समदं येकदम घातलं का रान रुसतं.” त्याच्या हिशेबात पठाराचे तीन तुकडे. एक नागपंचमीपर्यंत बंद, एक पोळ्यापर्यंत, आणि एक दसऱ्यापर्यंत पुरता बंद, बी गळून पडेपर्यंत. दर साली तुकडा फिरवायचा. हेच कृषी विद्यापीठाचा माणूस सांगेल तेव्हा त्याला फिरती चराई म्हणेल आणि सगळे टाळ्या वाजवतील. म्हाताऱ्यानं सांगितलं की तो अडाणी.

दिवाळीनंतर दुसरे धनगर येतात, मेंढरंवाले, देशावरून. आमच्या गावात दोन रात्री वाडा टाकतात, शेतात मेंढरं बसवतात, लेंडीखताचे पैसे नाहीतर धान्य घेतात, आणि ताम्हिणी उतरून कोकणात जातात. गेल्या साली बड्यानं आमच्याच पोरांना पुढं घातलं. म्हणे, धनगरांनी रान खाल्लं, हाकला त्यांना. गळ्यात निळे गमछे घालून आमची चार पोरं धनगरांच्या वाड्यावर गेली. चार महिने ४३ म्हशींनी खाल्लेल्या रानाचं बिल दोन रात्रींच्या मेंढरांवर! मी तिथं नव्हतो, रात्रपाळीला होतो. नंतर पोरांना विचारलं तर एक म्हणाला, “दादा, बड्यानं वडापाव दिला.” आपल्या माणसाचा वापर किती स्वस्तात होतो ते लिहिताना हात थरथरतो.

आता कायद्याचा दुसरा कागद, हा रद्दीतला नाही. २००६ चा वनहक्क कायदा. ह्याच्या कलम ३ मध्ये चराई स्पष्ट लिहिलीय, गावात राहणाऱ्याची आणि फिरस्त्याचीही. म्हणजे मेंढरंवाल्या धनगरांचा मोसमी हक्कसुद्धा त्यात आहे. आदिवासींखेरीज ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून आपण दावा करू शकतो. अट कडक आहे, १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या जंगलावर राहत आणि जगत असल्याचा पुरावा. आपल्याकडं कागद कुठला? पण नियमात लिहिलंय, दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाची जबानी लिहून घेतली तर तीही पुरावा. हे वाक्य पाठ करा. आपल्या म्हाताऱ्या माणसांची तोंडं हा आपला दप्तरखाना आहे आणि तो दर साली जळत चाललाय.

आणखी एक वाक्य पाठ करा. ह्या कायद्यातला हक्क आहे तो खऱ्याखुऱ्या उपजीविकेच्या गरजेपुरता. स्वतःचं आणि कुटुंबाचं पोट. वर उरलेलं विकायला हरकत नाही, असं नियम म्हणतो. म्हणजे आईनं बोकड विकला तरी ती हक्कदार. पण शहरातल्या गोठ्याच्या ४३ भाकड म्हशी डोक्यामागं पैसे घेऊन जंगलात सोडणं ही कुणाची उपजीविका? ती सरकारी गवताची विक्री आहे, विना लिलाव. धंद्याची जनावरं आणि पोटाची जनावरं ह्यांच्यामधे रेघ ओढणारा कायदा आपल्या हातात आहे आणि आपण अजून १९२७ च्या कोंडवाड्याशी झगडतोय. शेजारी २०१३ ला ताम्हिणी अभयारण्य झालंय, तिथं चराईवर मुख्य वन्यजीव रक्षकाचं नियंत्रण चालतं. उद्या हद्द सरकली, नियम आवळले, तर ज्याचं नाव नोंदीत आहे त्याच्याशीच कुणी बोलेल. बाकीचे पुन्हा मुदतीत न आलेले.

ग्रामसभेला मी वही घेऊन गेलो. घरवार यादी केली होती. कुणाकडं किती गाई, किती बैल, किती म्हशी, किती शेरडं. त्यात बड्याच्याही गुरांची नोंद होती, खोटं एक नाही. बैलांच्या रकान्यात चार म्हातारे बैल होते, जे २०१५ पासून विकता येत नाहीत म्हणून मालकांनी रानात सोडून दिलेत. तेही मोजले. शेवटी एक ओळ: म्हशी ४३, मालक नाही.

विचारलं, ह्या कुणाच्या?

कुणीतरी मागून म्हणालं, “मिलची सुट्टी काढून म्हशी मोजतोय का रे?” हशा झाला. दुसरा म्हणाला, विषय बंदीचा आहे, मोजणीचा नाही. मी बसलो नाही. म्हटलं, बंदी करायची तर कुणाच्या किती जनावरांवर, हे मोजल्याशिवाय कशी करता? घरटी ठरलेली जनावरं फुकट. त्याच्या वर असतील तर ग्रामसभेत पैसे भरा. बाहेरचं जनावर एकही नाही. पठाराचे तीन तुकडे, म्हातारा धनगर सांगेल तसे. शेरडांना राखणदारासकट एक बाजू नेमून द्या, रोपवन सोडून. आणि यादी चावडीवर लावा, सगळ्यांना वाचता येईल अशी.

पुन्हा हशा होणार होता. तेवढ्यात आई उठली. ती ग्रामसभेत कधी बोललेली नाही. म्हणाली, “माजी शेळी गेली तिची पावती मला अजून नाय भेटली. त्या म्हशींची कुनी फाडली का?”

कुणी हसलं नाही. कातकरवाडीच्या तीन बाया तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ठराव पुढच्या सभेवर ढकलला. माझी हरकत इतिवृत्तात घेतली की नाही हे बघायला मी दुसऱ्या दिवशी गेलो, तर ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं होतं. अर्ज देऊन हरकत लिहायला लावली. अर्जाची पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका.

मागच्या रविवारी वनहक्काच्या दाव्यासाठी पहिली जबानी लिहिली, आज्जीची नव्हे, आम्ही दावेदार म्हणून ती चालणार नाही, त्या गवळी धनगर म्हाताऱ्याची. बौद्धवाड्यातली शेरडं कुठल्या वाटेनं, कुठल्या महिन्यात, कुठल्या पाणवठ्यावर जायची, हे त्यानं बापाच्या वेळेपासूनचं सांगितलं. त्याच्या वाड्यासाठी आज्जी सांगणार आहे. अंगठा उठला नाही नीट, दोनदा घ्यावा लागला. कातकरवाडीची यादी अजून राहिलीय, त्या राखणाऱ्या पोराची उचल किती फिटली तेही विचारायचंय. येत्या सुट्टीला तिकडं जातोय. कुणाच्या तालुक्यात असा दावा टाकला असेल तर त्याची झेरॉक्स संपादकाच्या पत्त्यावर पाठवा, मी नेईन.